बसल्या जागेवरनं उठायचा क्लास

न्हाय, माझ्या गुडघ्याला काय बी झालेलं न्हाय. तू विचारलं न्हाईस, ठाऊक हाय मला. पण कुणीतरी तुझ्या कानात घातलं असंलच, आन दोन दिसांनी तू फोन करून विचारशील, आन फोन उचलती रेश्मा. म्हणून कागदावर लिवते. चौथी पास बाईचं अक्षर हाय, डोळे ताणून वाच, तेवढाच तुला बी व्यायाम.

चिरंजीव महिपतीला सोलापुराहून बजाआक्काचा आशीर्वाद. हितं सगळी धडधाकट हायेत, मी सगळ्यात जास्त. तुझी कंबर कशी हाय? तुझ्या मंडळींचा खोकला गेला का? गेला नसंल तर जाईल, लई औषधं पाजू नको. झालं विचारून. आता माझं ऐक.

आमचा कडक भाकरीचा धंदा तुला ठाऊकच हाय. सहा बाया, तीन चुली, आन मधल्या चुलीपुढं बत्तीस वर्षं मी. एक मांडी भुईला, एक गुडघा उभा, पुढ्यात परात. सकाळी सहाला बसले की दीडशे भाकरी थापून, निखाऱ्याच्या आराला उभ्या करून, पापडावाणी कडक झाल्याबिगर उठायचं न्हाय. तर मागल्या महिन्यात एक दिवस भाकरी संपल्या आन मी उठलेच न्हाय. (उठता येत न्हवतं असं न्हाय. घाई न्हवती.) बसल्या बसल्या रेश्माला म्हणलं, पाणी आण. मग मीठ आण. मग चष्मा आण. जेवण बी तितंच मागवलं. चष्मा लावून मीठ खाणारी सासू तिनं कधी बघितली न्हवती. चारच्या सुमाराला कमरेवर हात ठिवून पुढ्यात उभी राहिली. "आत्या, उठता येत न्हाय व्हय?" सूनच माझी, पण डोळा फौजदाराचा.

मग तिनं ओट्याचं काढलं. म्हणे, चुली मोडू, ओटा बांधू, वर गॅसच्या मोठ्या शेगड्या ठिवू, सगळ्याजणी उभ्यानं थापतील. उभ्यानं! बायांना काय मास्तरानं शिक्षा केलीया? आन मनातलं सांगते, तुझ्यापुढं काय लाजायचं, ओटा झाला की रेश्मा थापणार आन मला खुर्चीत बसवून पिशव्या भरायला लावणार. खुर्चीवरची म्हातारी आन भिंतीवरचं कॅलेंडर, दोन्हीकडं लोक तारीख बघण्यापुरतं बघत्यात. माझं टाळकं सरकलं. सगळ्यांच्या देखत बोलून बसले, की येत्या अमावस्येला चुली सारवून नारळ फोडतो तवा मी मांडी घालून बसंन आन कशाला हात न लावता उठंन. न्हाय उठले तर बांध तुझा ओटा आन मांड माझी खुर्ची. (बोलताना मी बसलेलीच होते. पुढं कसं उठले ते विचारू नको.)

आता नीलम्मा. माझ्या डाव्या हाताला बसती ती, मैंदर्गीची, निम्मं कानडी निम्मं मराठी, वयानं माझ्याच बरोबरीची, पहिल्या दिवसापासनं माझ्या जोडीला. ती म्हणाली, टेम्पोवाल्या नईमची पोरगी अरिबा कॉलेजात काय काय शिकून आलीया, दुपारी चारला समाजमंदिरात बायांना अंग ताणायला शिकवती, फुकट. ताणायचं! अंग म्हणजे काय चड्डीचं इलास्टिक हाय? मांजर झोपेतनं उठलं की ताणतंच की, त्याला कुणी क्लास लावला? पण अमावस्या आठ दिवसांवर आलेली. रेश्माला म्हणलं, भजनाला जाते. नीलम्मा बी भजनाला आली.

तितं पंधरा बाया. निम्म्या गाऊनवर ओढणी घेऊन. एकीनं ह्याच्यासाठी नवा पायजमा शिवला होता, तो उसवू ने म्हणून ती काय ताणतच न्हवती. अरिबा पोरगी गोड हाय, पण बोलती लई. "दादी, श्वास घ्या." मी म्हणलं, सत्तर वर्षं घेतच आले की, न्हायतर हितवर आले असते व्हय? मग म्हणाली, मान डावीकडं, मान उजवीकडं. रस्ता ओलांडताना बी आमी हेच करतो, तितं कोण टाळ्या वाजवत न्हाय. मग पाय लांब करून अंगठा धरायचा. मी धरला. नीलम्माचा धरला, जवळ होता. मग इचारती, दादी, ताण कुटं जाणवतोय? मी म्हणलं, घरी. माझ्या सुनंला.

चौथ्या दिवशी बिघडलं. त्या दिवशी पालथं वाकून, दोन्ही तळवे पुढं टेकवून, बुड वर करून थांबायचं होतं. (ह्या वयात, समाजमंदिरात, थोरामोठ्यांच्या फोटोंपुढं.) खाली रबराची चटई, ती हाताला चिकटायला लागली. आता हाताला चिकटलं की काय करायचं, हे मला कुणी शिकवावं? कनवटीला कोरड्या पिठाची पुरचुंडी असतीच माझ्या. चिमूट चिमूट भुरभुरलं, नीलम्माच्या चटईवर बी भुरभुरलं. अरिबा म्हणाली, आता सगळं वजन हातावर. टाकलं. हात जे निघाले ते भिंतीपतुर. मी तव्यावर टाकलेल्या भाकरीवाणी सपाट, आन मागनं नीलम्मा "अय्यो शिवने" म्हणत माझ्या पायावर. पडले असं कळू ने म्हणून मी तितंच पडून मोठ्यानं दहा आकडे मोजले. ते बघून आणखी चार बाया पालथ्या पडल्या. नव्या पायजम्यावालीनं विचारलं, ह्यानं पोट उतरतं का हो? मी म्हणलं, व्हय, पण रोज करावं लागतं.

मग अरिबानं मला उलथलं. उलथलंच म्हणायचं त्याला. चटईवरचं पीठ बोटानं टिपून बघितलं, ओरडली न्हाय, हसली बी न्हाय. कडंला बसवून म्हणाली, "दादी, खरं सांगा, तुमाला काय करायचंय?" मी म्हणलं, भुईवरनं उठायचंय, आणखी काय. तर म्हणती, मग आधी सांगायचं की! एका कुशीवर कसं यायचं, पायाची बोटं कशी रोवायची, मांड्या रोज सकाळ संध्याकाळ कशा मोकळ्या करायच्या, एवढं दाखवलं. एवढंच होतं तर चार दिवस मला कोंबडी कशाला केली म्हणते मी.

अमावस्येला चुली सारवल्या, नारळ फोडला, मी मांडी घालून बसले. दोन्ही हात पदरात. समोर सगळ्या बाया, रेश्मा, तिच्या मागं माझा अजिंक्य (बायको बोलंल तशी मान हलवायला). आन उठले. कशाला हात लावला न्हाय. रेश्माचं तोंड बघायला तू हवा होतास, फोडलेल्या नारळावाणी उघडं. ओट्याचा विषय परत निघाला न्हाय. तर सांगायचं हे, की हे ताणाताणीचं सगळं थोतांड हाय. ज्याला बसता येतं त्याला उठता येतं.

एवढं समजलं तेवढं पुरं, जास्त समजून घ्यायला जाऊ नको.

तुझी आक्का,
बजाबाई

ता. क. – हात लावला न्हाय हे खरं. पण माझ्या मागं नीलम्मा टोपली घेऊन बसली होती. मी अर्ध्यात अडकले तवा तिनं खांद्यानं मागनं रेटलं. कुणाला दिसलं न्हाय, माझा पदर मोठा हाय.

ता. क. दुसरा – सगळ्या खोबरं खायला अंगणात गेल्या, तरी नीलम्मा जाईना. म्हणाली, जळण निवडते. अमावस्येला कसलं जळण, चुली थंडगार. मी म्हणलं, उठ की गं बया. तर नुसती हसली. महिना झाला, ती रोज सगळ्या गेल्यावर चुलीची कड धरून उठत होती, आन मला रेटताना तिचा गुडघा पार गेला. आधी का बोलली न्हाईस म्हणलं, तर म्हणती, "तू बसतीस, मग मी कशी उबी राहू?" मी हट्टानं भुईवर बसले की तिला बी बसावं लागतं, एवढं बत्तीस वर्षांत माझ्या टाळक्यात आलं न्हवतं. मी तिच्या शेजारी परत बसले. मग काय, दोघी बी अडकलो. अरिबा आदल्या दिवशीच्या कडक भाकरी न्यायला आली म्हणून सुटका. दोघींना उठवलं तिनं. भाकरीचे पैसे मी घेतले न्हाईत.

ता. क. तिसरा, आन पत्र लिवलंय ते ह्याच्यासाठी – तुमच्या केम गावात सिद्धनाथ गवंडी हाय न्हवं, त्याला सोमवारच्या गाडीनं लावून दे. ओटा माझ्या कमरंइतका. नीलम्मा चार बोटं बुटकी हाय, तिच्या पायाखाली पाट ठिवू. मधली शेगडी माझी, हे त्याला आधी सांग, शेगड्या मागनं येऊ देत. रेश्माला तू फोन कर आन म्हण, की गवंडी मीच पाठवलाय, आक्काचं काय ऐकू नका. माझ्या नावानं दोन शिव्या दिल्यास तरी चालतील, मोठ्यानं दे. क्लासला अजून जाते का म्हणशील, तर जाते. कशाला, ते सांगणार न्हाय. बास.