राहिलेला काना

प्रिय स्वप्नाली,

सासूचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस गं. फोनच केला असता, पण माझा फोन हल्ली वीरधवलच्या खिशात असतो. म्हणून सातवीपर्यंतचं शिक्षण बाहेर काढलंय. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे, चालवून घे.

हात कसा आहे? प्लॅस्टर निघालं का? तुझी आई तुला परत नांदायला पाठवायचं बघत असेल, सासरचे काय म्हणतील म्हणून. तिला हे पत्र वाचून दाखव. सासरची मीच, आणि मी म्हणते, पाठवू नका.

इकडं शेडवरचा बेदाणा उतरलाय. रंग लय चांगला आलाय. निवडायला शेजारची बनाबाई येते, पण ती निवडते कमी आणि खाते जास्त. निवडताना तुझंच मनात येतं. लग्न होऊन आलीस तशी तू सारखी पडायचीस. पायरीवरून पडले, न्हाणीत पडले, म्हणायचीस. मी आपली तुझ्यावरच खेकसायचे, बघून चाल की गं बाई! शेवटी गवंडी बोलावून न्हाणीतली गुळगुळीत फरशी उपटली आणि खडबडीत बसवली. अख्ख्या गल्लीला सांगत सुटले, सुनेसाठी केली म्हणून. तू नुसती हसलीस, आणि पुढच्याच आठवड्यात परत पडलीस. जळो ती फरशी! मग त्या दुपारी शेडच्या मागं तू कशी पडतेस ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ओरडत मधी शिरले म्हणून हातावरच निभावलं. दवाखान्यातही तू 'पडले' म्हणालीस. वीरधवल शेजारी उभा होता, दुसरं काय म्हणणार होतीस?

तुला वाईच्या गाडीत बसवलं आणि म्हातारी गप्प बसली, असं समजू नकोस. आपल्या गावची आशा वर्कर माया, तिला घेऊन मी तालुक्याला जाऊन आले. तिथं संरक्षण अधिकारी म्हणून एक बाई आहेत, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठीच नेमलेल्या. नीट ऐकून घेतलं त्यांनी. अर्ज तू आहेस तिथूनच देता येतो, इकडं यायची गरज नाही. वकील सरकारकडून मिळतो, फुकट. कोर्टाकडून हुकूम मिळाला की त्याला तुझ्या वाऱ्याला उभं राहता येत नाही. घर सोडून गेलीस म्हणून इथला हक्क सुटला असंही नाही म्हणे. तोवर कोणी अंगावर आलं तर ११२ लाव, आणि नुसतं बोलायचं असलं तरी १८१ वर बायका असतात. एवढं सगळं हाताशी होतं आणि मी फरश्या बसवत होते!

वीरधवल माझ्या पोटचा आहे. त्याला जेवायला वाढताना काळीज तुटतं, खोटं कशाला सांगू? पण पोटचा म्हणून त्याचा हात मी पदराखाली झाकणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते ऐक. पुढच्या रविवारी तो आणि त्याचे चुलते नानासो साडी-नारळ घेऊन तुझ्याकडं येणार आहेत. आई अंथरुणाला खिळलीय, सुनेच्या नावाचा धोशा लावलाय, असं सांगणार. पडवीत दोघांचं ठरताना मी ऐकलंय. मला काही धाड भरलेली नाही. हे पत्र टाकायला एसटीनं तासगावला मीच जाणार आहे. त्यांच्याबरोबर यायचं नाहीस. सोमवारी मीच वाईला येते, दोघी मिळून अर्ज देऊ. दवाखान्याचा कागद जपून ठेव. त्याच्यावर 'पडल्याने दुखापत' असं लिहिलंय. शाळेत काना राहिला की आमचे मास्तर छडी मारायचे. ऑफिसात विचारू देत नाहीतर कोर्टात, मी त्याची आई म्हणून उभी राहून सांगणार, आवं, सून पडली न्हाई, पाडली. तो राहिलेला काना मी घालणार आहे.

तुझीच,
रंगूबाई आत्याबाई