तारा अजून वरच आहे

शेलूबाजार,
रविवार, उपासनेनंतर

आदरणीय प्रभाकर भाऊजी यांस,

ख्रिस्तात सलाम. ताईला निराळा सलाम, कारण तुमच्या सलामातला तिचा वाटा तिच्यापर्यंत पोहोचत नाही अशी तिची जुनी तक्रार आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? (डाव्याचे विचारतो आहे. उजव्याची कहाणी ताईने फोनवर साद्यंत सांगितली आणि त्यानंतर दोन दिवस मीच लंगडत होतो.) नगरची थंडी सोसते ना? आम्ही इकडे सुखरूप आहोत. तूर फुलावर आहे, संगीताचा खोकला गेला आणि माझा आवाज पूर्वीइतकाच खणखणीत आहे. (तुमची मेहुणी म्हणते, खोकल्याऐवजी तोच गेला असता तरी चाललं असतं.) एकंदरीत देवाच्या कृपेने सर्व ठीक आहे. तुमच्या कृपेने जे काही चालले आहे, ते कळवण्यासाठी हे पत्र. फोन मुद्दाम केला नाही, कारण फोनवर तुम्ही दोनदा "बरं, बरं" म्हणता आणि तो ताईच्या हातात देता. कागद कुणाच्या हातात द्यायचा म्हटले तरी आधी तो वाचावा लागतो.

भाऊजी, पाळक म्हणून तुमचा इथला शेवटचा नाताळ आठवा. चर्चच्या पत्र्याच्या कोपऱ्याला बांबू बांधून त्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने आत दिवा असलेला कागदी तारा चढवला. शिडी मी धरली होती आणि सूचनाही मीच देत होतो. पुढे दोन दिवसांनी तुम्ही सुट्टीवर निघालात. बाबूसिंगच्या जीपमध्ये एक पाय ठेवलात, दुसरा रस्त्यावरच होता, आणि मागे वळून म्हणालात, "तारा राहू द्या. मी आलो की उतरवू." झाले. तिकडेच तुमची बदली झाली, तुमचे सामान टेम्पोने गेले, पुढे निवृत्ती आली, पुढे गुडघा आला. तुम्ही काही आला नाहीत. आता तुम्ही आयुष्यात हजारो वाक्ये बोललात, त्यातली निम्मी मी पहिल्या बाकावर बसून ऐकली, आणि साक्ष देतो की त्यातले एकही कुणाला आठवत नाही. (माझ्या उपदेशांचेही तेच. मी तर तुमच्यापेक्षा जास्त बोलतो, म्हणून जास्त विसरला जातो.) पण जीपमध्ये एक पाय ठेवून बोललेले ते वाक्य गोमतीबाईंनी ऐकले.

गोमतीबाईंना तुम्ही विसरला नसाल. चर्चच्या भिंतीला टेकून मेथी आणि सांबार विकणाऱ्या (तुम्ही नगरकर त्याला कोथिंबीर म्हणता), प्रार्थनेत पहिल्या रांगेत आणि भांडणात तिच्याही पुढे असणाऱ्या. सहा जानेवारीला, ताऱ्यामागून आलेले मागी लोक आपल्या देशी परतले की आपण तारा उतरवतो, हा आपला रिवाज. त्या दिवशी मी शिडी लावली, तर बाई शिडीच्या खालच्या पायरीवरच बसल्या. "साहेब म्हनले, मी आलो का उतरवू. तुमी साहेब हाये का?" मी म्हणालो, नाही. "मंग कायले चढून राह्यले?" मी नोहापासून सुरुवात केली. अब्राहामापर्यंत आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "अब्राहामानं वाट पायली का नाई?" पाहिली, म्हटले. "म्हातारा होतपर्यंत?" होय, म्हटले. "मंग बसा घरी." इतिहासाचा शिक्षक म्हणून तीस वर्षे मी वर्गात लढाया जिंकल्या, भाऊजी. त्या दिवशी माझे पानिपत झाले.

तेव्हापासून सात-आठ वर्षे झाली, तारा वरच आहे. होळीच्या धुरात आहे, मृगात आहे, पोळ्याला बैल त्याच्याखालून जातात. कागद पहिल्याच पावसात गळाला, तेव्हा शेजारच्या युसूफभाईंनी (मंडप, माईक, लायटिंग, लग्न कुणाचेही असो, बिघाड त्यांचाच) खताच्या पोत्याचा तारा केला. तो उन्हाने तडकला, तेव्हा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे जुने फलक कापून केला. दिवसा काही कळत नसे. संध्याकाळी आत दिवा लागला की पूर्वेकडच्या टोकातून पुढाऱ्याच्या मिशा उजळत. नाताळाआधीचा एक अख्खा आगमनकाळ आमच्या मंडळीने मिशाळ ताऱ्याखाली गाणी म्हटली. जीपवाल्यांनी तर थांब्याचे नावच बदलून टाकले. चर्च कुठे म्हणून विचाराल तर कुणी सांगणार नाही. बाबूसिंग ओरडतो, "चला तारावाले, उतरा!" आणि मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती, बकरीसह एक आजी, असे सगळे तारावाले उतरतात.

या काळात मंडळीला पाळक मिळाला नाही. कमिटी म्हणते पाठवतो, आम्ही म्हणतो पाहतो. लग्न आले की वाशिमहून कुणाला तरी आणायचे. पोरे बाप्तिस्म्याआधी बाराखडी शिकून मोकळी होतात. दोन घरे कंटाळून नातेवाइकांच्या मंडळीत गेली. उरलेल्यांची श्रद्धा टिकावी म्हणून दर रविवारी उपदेशाला मी उभा राहतो, आणि विषय अर्थातच एक : प्रतीक्षा. माझ्याच नावाच्या यशया संदेष्ट्याने वाट पाहणाऱ्यांना गरुडाचे पंख देऊ केले आहेत, त्यावर मी इतक्यांदा बोललो की आता मी नुसते हात पसरले तरी मागच्या बाकावरची पोरे पंख फडफडवतात. शिमोन म्हातारा झाला तरी मंदिरात वाट पाहत राहिला, त्यावर बोललो. दीपपात्रे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या कुमारींवर बोललो. वाट पाहणे म्हणजे आळस नव्हे, ती लढाई आहे, असे मुठी आपटून सांगितले. (टेबलाचा पाय त्यातच गेला.) आणि खरे सांगू? सगळा वेळ मनातून मला तो तारा खटकत होता. श्रद्धा ती श्रद्धा, आणि खताच्या पोत्यातला दिवा तो दिवा, हे मला स्वच्छ दिसत होते. गोमतीबाई शिडीवरून उठल्या असत्या तर मी तेही मुठी आपटून सांगितले असते.

आणि दिवाळीनंतर आक्रीत झाले. कमिटीने खरोखर एक पाळक पाठवला, आमची मंडळी पाहून जायला. स्वप्निल नाव, तरुण, सालस, गातो सुंदर, आणि उपदेश वीस मिनिटांत आटोपतो. (हे शेवटचे लोकांना फारच आवडले. मी मनाला लावून घेतलेले नाही.) दुसऱ्याही एका मंडळीने त्यांना बोलावले आहे, कुठे जायचे ते त्यांनी ठरवायचे आहे. आपल्याकडे त्यांनी दोन दिवस पाहिले, जेवले, सगळ्यांच्या घरी प्रार्थना केली, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मला ताऱ्याखाली उभे करून हळूच म्हणाले, "मास्तर, मंडळी अजून प्रभाकर साहेबांची वाट पाहते आहे. दिवा त्यांच्यासाठी जळतो आहे. मग मी कुणासाठी येऊ?" राग नव्हता हो त्यात. रागाला मी उत्तर दिले असते. त्यांनी तारा उतरवा असे म्हटलेही नाही. पण मला कळले की तारा राहिला तर हा माणूस जाईल, आणि हा गेला तर पुढचा येईपर्यंत मंडळीत मी, गोमतीबाई आणि टेबलाचे तीन पाय एवढेच उरू.

म्हणून मी ठरवले, आज्ञा मोडायची. गुरुवारी दुपारी गोमतीबाई रोपे आणायला गेल्या, ती संधी साधून युसूफभाईंची शिडी घेतली आणि पत्र्यावर चढलो. आता तारा सोडून खाली यायचे, की नाही? पण इतक्या वर्षांच्या ताऱ्याला दोन शब्द बोलल्याशिवाय उतरवणे बरे दिसेना. मी भाषण सुरू केले. खालून युसूफभाई ओरडले म्हणे, "मास्तर, सीढी लेके जा रहा, तांड्यावर मंडप है!" मला ऐकू आले नाही, मी त्या वेळी भाषणात मिसर देशात होतो. त्यांनी विचार केला, मास्तर बोलून राह्यले म्हणजे घंटाभर तर गेलाच, आणि शिडी नेली. भाषण संपवून मी मागे पाय टाकला तो हवेत. कसाबसा बांबूला मिठी मारून राहिलो. फोन घरी चार्जिंगला, वर ऊन, खाली पत्रा. भाऊजी, कार्तिकातला पत्रासुद्धा बसू देत नाही, हे मी अनुभवाने लिहितो.

पहिली जीप आली ती बाबूसिंगची. "तारावाले उतरा!" लोक उतरले. वर पाहिले. एकाने विचारले, हे कोण? बाबूसिंग म्हणाला, "थे बी तारावालेच, पन त्याइले उतरता येऊन नाई राह्यलं." जीप पत्र्याला लावतो, टपावर उतरा, असे तो म्हणतही होता, तेवढ्यात रोपांची टोपली डोक्यावर घेऊन गोमतीबाई हजर. त्यांनी मला पाहिले, बांबू पाहिला, माझा हात गाठीवर आहे हेही पाहिले. "जा रे बाबूसिंग तू," त्या म्हणाल्या, "मास्तर वाट पाहून राह्यले. त्याइचा आवडीचा विषय हाये." आणि भिंतीच्या सावलीत टोपली ठेवून बसल्या.

मी वरून विनवणी केली, शिडी आणा. "युसूफ रस्त्यात भेटला, येतो म्हनला. मंग येईन." कधी? "ते मले काय मालूम. तुमीच तं सांगता, येळ इचारू नये." मग मी सरळ मुद्द्यावर आलो. म्हटले, बाई, नवा पाळक हातचा जाईल, प्रभाकर साहेब काही प्रभू नव्हेत. तेव्हा त्या जे बोलल्या ते जसेच्या तसे लिहितो. "मले समजते. परभू बी येतो म्हनूनच गेला. दोन हजार वर्सं झाले. तो येनारच हाये. साहेबाचं काई सांगता येत नाई." मग तारा कशाला, असे मी ओरडलो. "दिवा खाली घेतला का मानूस वाट पाहनं सोडते, अन् मंग कोनाची पाहून राह्यलो होतो थे बी भुलते. साहेबाची पायली, थे परभूची पाहाची सवय म्हना." टोपलीतली रोपे सारखी करत पुढे म्हणाल्या, "अन् संध्याकाळी त्याच उजेडात माहा सांबार इकते, ते बी हाये."

पत्र्यावर मी बदललो असे लिहिले तर तुम्हाला उपदेशाचा वास येईल. खरी गोष्ट अशी की दोन्ही हात बांबूला होते, तारा सोडायला तिसरा नव्हता. पण इतक्या जवळून मी तो प्रथमच पाहिला. फलक, त्याच्या आत पोते, आणि सगळ्यांच्या आत तुमच्या वेळच्या कामट्या, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांबूला बांधलेल्या. गाठ तुमची आहे. वेडीवाकडी, पण सुटलेली नाही. युसूफभाई पार दिवेलागणीच्या वेळी शिडी घेऊन आले आणि "अरे मास्तर, अभी तक चालू है?" म्हणाले. तोवर मी प्रतीक्षेविषयी एवढे शिकलो होतो की आजचा उपदेश सात मिनिटांत संपवला. मंडळीला वाटले, माझी तब्येत बिघडली.

असो. फार लांबले. ताईला जपा, औषधे वेळेवर घ्या, आणि शेजाऱ्यांना माझ्याबद्दल काहीबाही सांगत असाल तर त्यात पत्र्याची हकीकत घालू नका.

तुमचा,
यशया

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. नाताळाच्या आधी तुम्ही या. गोमतीबाईंशी रीतसर तह झाला आहे : "जुन्या साहेबानं उतरवावा, नव्या साहेबानं चढवावा." स्वप्निल पाळकांना मी हे फोनवर सांगितले, तर त्यांनी एवढेच विचारले, "साहेब खरंच येतील?" मी हो म्हणून बसलो आहे. व्हिडिओ कॉलवरून उतरवता येईल का, असेही मी बाईंना विचारून पाहिले. "फोनात तं कोनी बी येते," म्हणाल्या.

आणखी ता. क. : गुडघ्याची सबब चालणार नाही. बांबू आडवा करून खाली आणू. तुम्ही खुर्चीवर बसून फक्त गाठ सोडायची. तुमच्याशिवाय ती कुणाला सुटायचीही नाही. खुर्ची युसूफभाईंची; तुम्ही बसलेले असेपर्यंत ती नेणार नाही असे त्यांनी कबूल केले आहे.

शेवटचा ता. क. : मालेगावहून (आपल्या वाशिमकडच्या, नाशिकच्या नव्हे) जीपमध्ये बसाल तेव्हा चर्च म्हणू नका, तारा म्हणा. एक गोष्ट स्वप्निल पाळकांनाही अजून सांगितलेली नाही, तुम्हालाच सांगतो. त्या भेटीहून परत जाताना त्यांनी बाबूसिंगच्या जीपमध्ये एक पाय ठेवला, मागे वळून पाहिले आणि म्हणाले, "येतोच मी." गोमतीबाई तिथेच मेथी निवडत होत्या. संध्याकाळी त्यांनी युसूफभाईंना दुसऱ्या बांबूची चौकशी करायला सांगितले. म्हणून पाया पडतो भाऊजी, गाठ सोडून परत निघाल तेव्हा दोन्ही पाय आधी जीपमध्ये घ्या, दार लावा, आणि वाशिम जिल्हा ओलांडेपर्यंत तोंडातून एक शब्द काढू नका.