पोस्टमनचा डावा पाय

३ मार्च

स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू – कृत्रिम पाय तीनशे सोळा. त्यांपैकी गुडघ्याखालचे दोनशे चाळीस, बाकीचे गुडघ्यासकट. हात एकोणीस. कुबड्या मोजल्या नाहीत. शेजारच्या मुलीच्या हट्टापायी बदकाचा एक पाय, तो यात धरलेला नाही.

शिक्षण – सायकलच्या दुकानात नऊ वर्षं.

पत्रकार बाई 'शेकडो पाय' असं लिहिणार होत्या. शेकडो म्हणजे किती? म्हणून ही यादी.

६ मार्च

छापून आलं. माझा पाय लावून एक मुलगी धावण्याच्या शर्यतीत पहिली आली, तेव्हापासून रोज कोणी ना कोणी येतंच. फोटोत माझ्या हातात पाना दिलाय, तोही भलत्याच मापाचा. सासऱ्यांनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा "जावईबापू" म्हटलं. बायको म्हणाली, "निदान शर्टाची बटणं तरी सरळ लावायची."

११ मार्च

टीव्हीवाले आले. माझी पद्धत दाखवायची होती. नवा पाय लावला की मी माणसाला लाकडी फळ्यांवरून वीस पावलं चालवतो आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसतो. बघत नाही, ऐकतो. दोन्ही पावलांचा आवाज सारखा आल्याशिवाय पाय घरी जात नाही. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

"पाठ करून बसलात तर चेहरा कसा दिसणार?" – कॅमेरावाला. वळून बसलो. चालत होते आमचे पोस्टमन, डावा पाय, बारा वर्षांचं गिऱ्हाईक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते नवा पाय घालूनच घरी गेले.

आवाज ऐकला असेल मी.

१२ मार्च

ऐकला नव्हता.

२ एप्रिल

सत्कार झाला. वक्ते मला तीनदा 'विनम्र' म्हणाले. मान खाली होती ती चष्म्याची दांडी निसटत होती म्हणून.

पोस्टमनकडे जायचं राहिलंय. त्रास असता तर आले असते.

९ एप्रिल

पोस्टमनची बायको आली. पिशवीत पाय.

"साहेब, हा ठेवून घ्या. जखम चिघळलीय. दोन महिने काही लावायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

ही मला साहेब कधीपासून म्हणायला लागली? विचारलं, आधी का नाही आलात?

"हे म्हणाले, त्यांच्याकडे आता मोठी माणसं येतात. आपलं रडगाणं कुठे न्यायचं."

ती गेल्यावर पाय मोजला. लांबीला चार मिलिमीटर जास्त. एका मिलिमीटरसाठी मी लोकांना तीन-तीन खेपा घालायला लावल्या आहेत, आणि वर ते फुशारकीने सांगितलंही आहे.

१० एप्रिल

त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला. पोस्टमन खुर्चीत. त्यांची टपाल वाटायची गल्ली सध्या दुसऱ्याला दिलीय – जूनमध्ये उभे राहिले नाहीत तर कायमची त्याची.

म्हणालो, चूक माझी.

"अहो मिस्त्री, टीव्हीवर मी काय झोकात दिसलो! बहिणीचा फोन आला."

"पाय टोचत होता?"

"पहिल्या पावलापासून. पण एवढ्या लोकांत तुमचं हसं करायचं का? ओठ दाबला नि चाललो."

चहा आला. प्यायलो.

८ जून

जखम भरली. नवा पाय. दार आतून लावलं, बाहेर कोणी मासिकवाला बसला होता, त्याला बसू दिलं. भिंतीकडे तोंड केलं. वीस पावलं. पाय काढून घासला. पुन्हा वीस.

"मिस्त्री, झोपलात की काय?"

"बोलू नका. चाला."

पाचव्या फेरीला आवाज जुळला. सोमवारपासून ते कामावर.

१४ जून

कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. पाय त्यांच्या कारखान्यात होणार, वर नाव माझं. जाहिरातीत एकच ओळ – बावीस वर्षांत एकही तक्रार नाही. मी म्हणालो, एक आहे. त्याने विचारलं, "लेखी आहे का?" नाही म्हणालो. "मग नाहीच ती." कराराचा कागद सही न करता त्याला परत दिला. बायकोला अजून सांगितलेलं नाही. ऐंशी लाख.