थोरल्या जावयाची छत्तीस हत्यारं

२४ मे, रविवार. पालीहून परतल्यावर

सासुरवाडीला धोंड्याचं जेवण. दोन्ही जावई हजर. थोरला मी. धाकटा शिवशंकर, म्हणजे माझी बायको मनिषा हिच्या बहिणीचा, वैष्णवीचा नवरा. बीडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये असतो. माणूस बरा आहे. एवढंच.

सासूबाईंनी आहेर लोखंडी कपाटात ठेवलेला आणि किल्ली सापडेना. सगळं घर शोधत होतं. मी शांतपणे सर्वांना सूचना देत होतो. तेवढ्यात शिवशंकरने पाकिटातून पेनाच्या रिफिलएवढ्या दोन पट्ट्या काढल्या, कपाटापुढे उकिडवा बसला, आणि मी हात धुऊन येईपर्यंत कपाट उघडं. म्हणे, छंद आहे. लोक तिकिटं जमवतात, हा कुलपं उघडतो.

परिणाम: सासूबाईंनी ओवाळताना ताट आधी त्याच्यापुढे नेलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. माझा आहेरसुद्धा त्याच्या हातून बाहेर आला. शर्टपीस दोघांना सारखाच, पण त्याच्या शर्टपीसची घडी जास्त नीट होती.

गाडीवर मनिषा मागून म्हणाली, "शिवशंकररावांच्या हातात लई कसब हाय." मी गाडीचा वेग वाढवला. तिला वाटलं, हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

२५ मे, सोमवार

मत्सर माझ्या स्वभावात नाही. हे आज शांतपणे तपासून पाहिलं. नाही.

पण मी चित्रकला शिक्षक आहे. बोटं कलावंताची. ट्रॅक्टर विकणाऱ्याला जे जमतं ते मला किती जमेल, हा साधा हिशेब आहे. शाळेला सुट्टी आहे. संकल्प: अधिक महिना संपायच्या आत या छंदात शिवशंकरच्या पुढे.

लक्ष्यही ठरलं. माळ्यावर मनिषाची माहेरची पेटी आहे. तिला भलंमोठं पितळी कुलूप. मागचं भाड्याचं घर सोडताना किल्ली हरवली, तेव्हापासून बंद. कुलूप माझ्या कैलासवासी सासऱ्यांचं, म्हणून ती फोडू देत नाही. दर दिवाळीला म्हणते, "आवो, त्या पेटीचं काही तरी बगा." आता बघणार.

२६ मे, मंगळवार

शिवशंकरला सहज म्हणून फोन केला. हत्यारांचा विषय सहज काढला. तो म्हणाला, "दाजी, सुरवातीला पाच-सहा नग बास झाले. एक हुक, एक करवतीसारखं दातऱ्याचं, आन् ताण द्यायच्या दोन-तीन पट्ट्या. सरावाला एक पारदर्शक कुलूप घ्या. आन् ध्यानात ठेवा, कुलूप आपलंच पाहिजे आन् रोजच्या वापरातलं नको. हत्यार मोडून आत अडकलं तर कुलूप गेलं."

मी आभार मानले. फोन ठेवल्यावर विचार केला. पाच-सहाच का? त्याच्याकडे आहेत तेवढेच का? म्हणजे या माणसाला मला स्वतःच्या पातळीवरच ठेवायचं आहे. कळलं.

२८ मे, गुरुवार

तीन दिवस फक्त निवड. हे क्षेत्र खोल आहे. पाच नगांचा सेट, पंधराचा, चोवीसचा. जाड पत्र्याचे, पातळ पत्र्याचे. पातळ पत्रा अरुंद चावीछिद्रात जातो पण वाकतो. जाड वाकत नाही पण जात नाही. रबरी मुठीचे, बिनमुठीचे. एक पिस्तुलासारखं यंत्रही आहे, घोडा दाबला की आपोआप. ते कलावंताला शोभणारं नाही.

मी ड्रॉइंग शीटवर सगळ्यांचा तक्ता काढला, वॉटरकलरमध्ये. फार सुंदर आला. मनिषाने भाजी निवडता निवडता पाहिला. म्हणाली, "दातकोरणी हायत व्हय?"

निर्णय: छत्तीस नगांचा सेट, काळ्या चामड्याच्या घडीत. मनिषाने विचारलं, आपल्या घरात कुलपं किती? मी म्हटलं, मुद्दा तो नाही. ती म्हणाली, "तीन हायत."

२ जून, मंगळवार

पार्सल आलं. आणणाऱ्याने विचारलं, "सर, जनावरांच्या डॉक्टरचं सामान हाय का?" मी नुसता हसलो.

सेट देखणा आहे. छत्तीसमधली निदान तीस हत्यारं कशासाठी आहेत ते पुस्तिकेत दिलेलं नाही. पुस्तिका चिनी भाषेत आहे. मी दिसण्यावरून नावं दिली: बगळा, साप, डोंगररांग, वाकडी, जास्त वाकडी.

३ जून, बुधवार. सकाळी

इतिहास घडला. पारदर्शक कुलूप उघडलं! पट्टीने ताण दिला, आतल्या पिना डोळ्यांनी बघत बगळ्याने एकेक उचलली, खट्. लगेच परत उघडलं. मनिषाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आतलं दिसतंय की समदं." शिवशंकरला व्हिडिओ पाठवला. त्याने टाळ्यांचे पाच हात आणि "एक नंबर दाजी" असं पाठवलं. पाचच. खोचक वाटलं.

३ जून. दुपारी

कुलपावर हातरुमाल टाकून प्रयत्न केला. नाही उघडलं. रुमाल जाड आहे.

७ जून, रविवार

बाजारातून एक साधं कुलूप आणून चार दिवस त्यावर बसलो. उघडत नाही. कुलूपच दर्जेदार निघालं. उलट सासूबाईंचं कपाट जुनं, आतून झिजलेलं. त्या कपाटाला नुसतं रागावून बघितलं असतं तरी उघडलं असतं. हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही याचं वाईट वाटतं.

उजव्या अंगठ्याला फोड.

१० जून, बुधवार

वाईट बातमी. रविवारी शिवशंकर आणि वैष्णवी आपल्याकडे जेवायला येणार. मनिषा फोनवर बहिणीला म्हणत होती, "शिवशंकररावांना हत्यारं घिऊन यायला सांग बाई, माझी पेटी उघडायची हाय."

मी घरात असताना! छत्तीस नग टीव्हीखाली ठेवलेले असताना!

जेवताना भाजीला मीठ कमी आहे असं म्हणालो. कमी नव्हतं.

१२ जून, शुक्रवार

मनिषा अंगणवाडीच्या मीटिंगला बीडला गेली होती. पेटी माळ्यावरून खाली घेतली. पितळी कुलूप भारदस्त, पण माझी तयारी पूर्ण. बगळा चालेना. साप चालेना. डोंगररांग पुढेमागे ओढली. एकदा काहीतरी हललं. आत्मविश्वास वाढला, म्हणून ताण वाढवला.

बगळ्याचं टोक मोडलं. आत राहिलं.

ते काढायला वाकडी घातली. तिचंही राहिलं.

कुलूप उलटं धरून हलवलं. आपटलं. गोडेतेल सोडलं. मग पेटी पुसून परत माळ्यावर ठेवली. विशेष काही झालेलं नाही. चौतीस नग शिल्लक आहेत.

१३ जून, शनिवार

मनिषाला सांगावं का? विचार केला. सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. त्यापेक्षा उद्या त्याच्यासमोर काय होतं ते बघू. एक नवीन शक्यता लक्षात आली: आता ते त्यालाही उघडता येणार नाही.

झोप छान लागली.

१४ जून, रविवार. पाहुणे गेल्यावर

सविस्तर लिहितो.

जेवण झालं. पेटी खाली आली. मनिषाने तिच्यावरची धूळ ओढणीने झटकली, तरी तिला तेलाचा वास आला नाही. शिवशंकर मांडी घालून बसला. हत्यारं काढायच्या आधी म्हणाला, "ताई, आत हाय तरी काय?" उगाच वेळ काढत होता. मनिषा कितीतरी वेळ त्याला सांगत होती, हातवारे करत होती, हसत होती. मी ऐकलं नाही. माझं लक्ष कुलपावर होतं.

मग त्याने हुक घातलं. थांबला. मोबाईलची बॅटरी लावून छिद्रात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

त्याने बारीक चिमटा काढून बराच वेळ आत खुडबुड केली. काहीतरी निघालं, ते त्याने मुठीत दाबलं. पुन्हा प्रयत्न केला. घाम आला. शेवटी म्हणाला, "ताई, लई जुनं कुलूप हाय. आतून गंजलंय. माझ्याच्यानं न्हाई होणार."

हरला! सगळ्यांसमोर, माझ्या घरात, माझ्या बायकोपुढे हरला. मी मोठ्या मनाने म्हणालो, होतं असं कधी कधी, वाईट वाटून घेऊ नका.

मनिषाने पेटीवरून हात फिरवला आणि चहा टाकायला गेली. चहात साखर टाकायची विसरली.

निघताना फाटकाजवळ त्याने माझा हात हातात घेतला. काहीतरी टोचलं. बगळ्याचं टोक. हळूच म्हणाला, "दाजी, दुसरं न्हाई निघलं. ताईला काही बोललो न्हाई." आणि गाडीला किक मारून गेला.

मोठेपणा दाखवायची एक संधी सोडत नाही हा माणूस.

१६ जून, मंगळवार

काल शाळा सुरू झाली. आज शाळेतून घरी आलो तर पेटी बाहेरच्या खोलीत, झाकण उघडं. पहिला विचार: तो परत आला होता.

नव्हता आला. मनिषाने मागच्या बिजागऱ्यांचे खिळे खलबत्त्याच्या दस्त्याने ठोकून काढले होते आणि झाकण मागून उचललं होतं. वडिलांचं कुलूप पुढे कडीत जसंच्या तसं. मी वाकून पाहिलं. बंदच आहे. म्हणजे काटेकोर बघायला गेलं तर शिवशंकरलाही ते उघडता आलेलं नाही.

हे तिला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ती व्हिडिओ कॉलवर होती. पलीकडे वैष्णवी आणि तो. मनिषाच्या हातात एक विटलेली निळी जर्सी, पाठीवर सात नंबर. "ह्योच बगा शिवशंकरराव, मी म्हनले नव्हते का! आन् हे बूट." तो म्हणाला, "आन् ताई, धाराशिवच्या फायनलचा फोटो?" फोटो होता. नऊ पोरी खांबाला धरून उभ्या, मधे सर्वांत किडकिडीत ती. खो-खो. जिल्ह्याची टीम. कप्तान.

त्याला हे सगळं माहीत होतं. त्याला सांगितलं. मला कधी सांगितलं नाही. जेवताना हे मी बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. मग दर दिवाळीला पेटी उघडा म्हनलं, तवा परत." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, बरं, आणखी काय काय आहे आत?

"आता कावून इचारता?" ती ताट उचलत म्हणाली. "उघडीच हाय की. जा, बगा."

मी गेलो नाही. ती झोपायला गेल्यावर गेलो.

बूट तिच्या आत्ताच्या पायापेक्षा लहान आहेत.