पाच वाचनांचा निबंध

सोमवार, २ फेब्रुवारी
भावना मॅडमनी सिंथेसिस निबंध दिला. विषय: २०२०चं वादळ आणि आपला किनारा. पाच वाचनं, झेरॉक्स करून: सरकारी अहवाल, पोफळींवरचा शोधनिबंध, पेपरातला लेख, होमस्टेवाल्यांची पाहणी आणि एका बाईची मुलाखत. मॅडम म्हणाल्या, पाचही जणांना एका ओटीवर बसवा, कोण कोणाचं खोडतंय ते ऐका, मग आपलं मत मांडा. १६ तारखेला द्यायचा. पंचवीस मार्क. मागच्या सेमला इंटर्नलमध्ये उडालो होतो. यंदा उडालो तर वर्ष गेलं.
टेन्शन नाही. वादळ वर्गात सगळ्यांनीच पाहिलंय. पण वादळात गाय वाचवलेला मी एकटाच.

बुधवार, ४
वेळापत्रक केलं. रोज एक वाचन, पाच दिवसांत खलास. तीन रंगांची पेनं वापरली. त्यातच दुपार गेली, पण पाया पक्का झाला.

शनिवार, ७
दिवेआगर-श्रीवर्धन एसटीत अहवाल उघडला. वळणांवर मळमळतं. बंद केला. शोधनिबंधात नुसते तक्ते. नजरेखालून घातले, म्हणजे वाचल्यासारखंच.
वर्गात शेजारच्या बाकावर बसणाऱ्या राहीने पाचही वाचून पेन्सिलने खुणा केल्यात. म्हणते, पेपर म्हणतो किनारा सावरला, शोधनिबंध म्हणतो नव्या पोफळीला सुपारी धरायलाच कितीतरी वर्षं जातात. दोघं भांडतायत, तिथून निबंध सुरू होतो. मी म्हटलं, मला भांडणं लावायची सवय नाही.

मंगळवार, १०
लिहायला घेतलं. वाचनं नंतर मधेमधे पेरीन. पहिला परिच्छेद झकास झालाय. पत्रे उडतायत, पोफळी कडाकड मोडतायत, बाबा पनवेलला कंपनीत अडकलेले, आणि पंधरा वर्षांचा मी गोठ्यात घुसून तांबूचं दावं सोडतोय. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. मॅडम रडणार.

शुक्रवार, १३
राहीला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला. विचारलं, तुमच्या गायीचं नाव खरंच तांबू? म्हटलं, खरंच. मग म्हणाली, "पाचवं वाचन वाचलंस?"
"वरवर."
"नीट वाच, विनेश. इथे नको. घरी जाऊन वाच."
हिला माझा परिच्छेद झोंबलेला दिसतो.

शुक्रवार, संध्याकाळी ६
वाचलं. बाईचं नाव बदललंय. गाव दिवेआगर. नवरा पनवेलला. गाय तांबू.
'मुलगा पंधरा वर्षांचा. तो कॉटखाली होता. गाय मी सोडली. आता तो सगळ्यांना सांगतो, त्यानं सोडली म्हणून. मी गप असते. तेवढ्यानं त्याला बरं वाटत असेल तर वाटू दे.'
टायपिंगची चूक असणार. अशा मुलाखतींमध्ये घोळ होतात.

शनिवार, १४
कॉलेजला गेलो नाही. डोकं दुखतंय. गोठ्यातलं काय काय आठवतं ते लिहायला बसलो. कॉटखालची लादी आठवते. एका कोपऱ्यात फुटलेली. गार. गोठ्यातलं काही आठवत नाही.

रविवार, १५
आई अंगणात सुपारी सोलत होती. मुलाखतीचा कागद दाखवला.
"व्हय, त्या कॉलेजच्या पोरी आलेल्या. म्हणालेल्या, नाव येणार न्हाय."
"तुझं नाही आलं. तांबूचं आलंय."
आई हसली. "तिचं बदलायचं ऱ्हायलं वाटतं."
मला हसू येईना. तिच्या शेजारी बसलो. मग विचारलं, गोठ्यात तुला भीती नाही वाटली? पाच-सहा वर्षांत हे पहिल्यांदाच विचारत होतो.
"गोठ्यात न्हाय वाटली. घरात परत आले तेव्हा वाटली. तू रडत होतास, ते पार गोठ्यापर्यंत ऐकू येत होतं. मग एकदम बंद झालं." तिने हातातली सुपारी खाली ठेवली. "कॉटखाली वाकून बघायची हिंमत होईना मला."
"मग?"
"मग काय? झोपलेलास."

सोमवार, १६
निबंध दिला नाही. मॅडमना फोन करून सांगितलं, एसटी चुकली. एसटी वेळेवर होती. मी वेळेवर उतरलोही. स्टँडच्या बाकावर बसून पहिला परिच्छेद फाडला. खाली काहीच उरलं नाही, कारण निबंधात तेवढंच होतं.
मॅडम म्हणाल्या, बुधवारी आणा, पाच मार्क कापणार. बरं म्हटलं.
सरकारी अहवाल उघडला. बासष्ट पानं आहेत. चौथ्यावर आहे.