दार लावून थापलेल्या भाकरी

अक्का,

काल मंद्रूपहून फोन केलास. म्हणालीस, "श्रीदेवी, तू पाठवलेल्या कडक भाकरी खाल्ल्या. आईचाच हात उतरलाय की तुझ्यात!" मी नुसतं व्हय म्हणले.

माझ्या बोटांत संधिवात हाय, अक्का. डॉक्टर म्हणतात, जायचा न्हाय, सांभाळून ऱ्हायचं. आधी लई चिडायची. आता सकाळी चहाचा कप उचलताना बघत बसते, आज कुटलं बोट ऐकतंय ते.

भाकरी आमचे हे थापतात. मी शेजारी खुर्चीवर बसून सांगते, पीठ अजून मळा, कड पातळ करा. बाप्या माणसाला शेजारची हसतील म्हणून दार लावून घेतात. तुला सांगायचं न्हाय अशी शपथ घातलीय. म्हणून हे पत्र पिठाच्या डब्याखालीच राहणार.

पण एक कोडं सुटंना. आई जावयासमोर कधी आली न्हाय, जन्मभर दाराआडून बोलली. आज मी डोळे मिटून ऐकलं, तर परातीत थापण्याचा आवाज हुबेहूब तिचा. दार तर लावलेलं होतं. मग आई आत आली कधी गं?

दोन्ही हातांनी कप धरणारी,
तुझी श्रीदेवी