अवकाशयानाला आतून कडी

ती. वन्सं यांस वहिनीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, म्हणजे तुम्ही नक्कीच चढत असणार. इकडे सगळे बरे. तुमचे बंधू नेहमीप्रमाणे घरात असून नसल्यासारखे. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याला कारण तुमचे वडील आणि एक अवकाशयान.

तुम्हाला माहीतच आहे, हल्ली मी एका मालिकेचं रंगकाम करते. मोठ्या शेडमध्ये चाळीस फूट लांबीचं यान उभं केलंय, तेही फक्त डाव्या बाजूचं. (उजवीकडे कॅमेरा जातच नाही. तिथे लाकडी टेकू आहेत आणि सुताराचा डबा.) नाकावर संदेश पकडायची तबकडी, पोटाखाली उतरायचे सहा पाय, पाठीवर उष्णता बाहेर टाकणारी पाती आणि शेपटीला आग ओकणारी तीन नळकांडी. या सगळ्यावर मी जळल्याचे डाग काढते. कोरं यान प्रेक्षकांना खोटं वाटतं म्हणे.

त्या सोमवारी बाबांपाशी बसणाऱ्या शेजारच्या काकू आजारी पडल्या. तुमच्या बंधूंना रजा नव्हती (लग्नाच्या दिवशीसुद्धा अर्धीच मिळाली होती), म्हणून बाबांना मी कामावर घेऊन गेले. खुर्ची दिली, पेपर दिला आणि शिडीवर चढले. तीस वर्षं गोदीत जहाजांचे पत्रे तपासलेल्या माणसाने पिशवीत हातोडी घातली असेल, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

तासाभराने खाली पाहते तर बाबा यानावर हातोडी वाजवत, कान लावत चाललेले. जिथे आवाज पोकळ येईल तिथे खडूने फुली. वन्सं, ते यान प्लायवुडचं आहे हो! नाकापासून शेपटीपर्यंत सव्वाशे फुल्या झाल्या. मी ओलं फडकं घेऊन धावले, तोवर दिग्दर्शक आले आणि त्यांना त्या शत्रूच्या माऱ्याच्या खुणा वाटल्या. त्यांनी तसंच चित्रीकरण उरकलं. आता प्रत्येक भागात फुल्या त्याच जागी लागतात, म्हणून मी रोज सकाळी फोटो समोर ठेवून त्या काढते. मग बाबांनी दिग्दर्शकांना सुनावलं, की जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, तुमचा हिरवा आहे, समोरून येणारा येऊन आदळेल. अवकाशात समोरून कोण येणार, असं कुणीही विचारलं नाही. दिवा बदलला.

इथवर मीही हसत होते. दुपारी मात्र नायकाला यानाच्या बाहेरच्या कप्प्यात कोंडायचा प्रसंग होता. कप्पा कपाटाएवढा, दाराला कडी बाहेरून. बाबांनी दाराच्या आतल्या बाजूवर हात फिरवून पाहिला आणि ते उंबऱ्यातच बसले. "आत कडी बसवा, मग उठतो."

दिग्दर्शकांनी समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. तीस माणसं खोळंबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जवळ बसून म्हटलं, "बाबा, हे खोटं आहे. माझी नोकरी जाईल."

"जहाजातल्या टाकीचं दार होतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "कडी फक्त बाहेरून. मी पत्रे ठोकून पाहिले, दार पाहिलं नाही. सही केली. वेल्डर आत होता आणि कुणीतरी जाता जाता कडी सरकवली. सकाळी उघडलं."

वन्सं, गुडघ्यांमुळे बाबांनी नोकरी लवकर सोडली, असंच आपण सगळे समजत होतो ना? सासूबाईंना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

आमचा सुतार मागेच उभा होता. तो कुणाला न विचारता कडी आणि स्क्रू घेऊन आला. वीस मिनिटं शेडमध्ये फक्त त्याच्या पेचकसाचा आवाज होता. दिग्दर्शक घड्याळ बघायचेसुद्धा थांबले.

कडी बसल्यावर बाबा आत गेले, पण त्यांना दार लावून घेता येईना. मग मीच आत शिरले, दार ओढलं आणि कडी लावली. आत मिट्ट काळोख. बाबांचा श्वास जोरात चाललेला. "तू उघड," ते म्हणाले. मी कडी काढली. मग त्यांनी स्वतः एकदा लावून काढली, आणखी एकदा, पुन्हा एकदा. बाहेर येऊन चहा मागितला. नोकरी राहिली. ती कडी पडद्यावर कुठेच दिसत नाही.

तब्येतीला जपा. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

ता.क. बाबांना कायमचं तुमच्याकडे न्यायचं तुम्ही लिहिलंय. तुम्ही लेक आहात, तुमचा हक्क पहिला. त्यांना सांभाळणं किती अवघड आहे, हे तुम्हाला आधीच कळावं म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

दुसरा ता.क. तुम्ही अवश्य या, हवं तितकं राहा, पण परत जाताना त्यांचं तिकीट काढू नका. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही दोघी ठरवा." तेव्हा हे त्यांचं म्हणणं नाही. माझं आहे.